‘तू लागूंना पाहिलेले नाहीस’

प्रश्न

(ओळख पटू नये म्हणून पत्राचा केवळ सारांश देत आहोत.)

पत्रलेखिका ३८ वर्षांच्या असून नोकरीनिमित्त पती आणि मुलासह पुण्यात राहतात. त्यांचे ७४ वर्षांचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून आईसह सांगलीला असतात. बापलेकींना नाटक-सिनेमाची सारखीच ओढ आहे. लेकीच्या लहानपणापासून दोघे एकत्र पाहत आणि तावातावाने बोलत आले आहेत. गणपतीत सगळे सांगलीला जमलेले असताना दूरचित्रवाणीवर नाना पाटेकर यांचा ‘नटसम्राट’ हा चित्रपट लागला. याच नावाच्या मूळ नाटकात ती भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. वडील निम्म्यातून उठले आणि ‘हा लागूंच्या पासंगालाही पुरत नाही’ असे म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पत्रलेखिका म्हणाल्या, ‘तुम्ही मोकळ्या मनाने पाहतच नाही, बाबा. नाना लागूंपेक्षा कितीतरी खरे वाटतात.’ त्यावर वडील म्हणाले, ‘तू लागूंना पाहिलेले नाहीस. तुला बोलायचा अधिकार नाही.’ त्याच रात्री पत्रलेखिकेने समाजमाध्यमावर ‘जुन्या पिढीला नवे काही सोसत नाही’ अशा आशयाची, वडिलांच्या वाक्याची नक्कल करणारी खुसखुशीत टिप्पणी लिहिली. नातेवाइकांनी तिला भरभरून दाद दिली आणि एका चुलतभावाने ती वडिलांना वाचून दाखवली. तेव्हापासून फोन उचलला की वडील ‘आईला देतो’ एवढेच म्हणतात. पत्राच्या शेवटी ओघात आणखी एक उल्लेख आहे. आईवडिलांनी सांगलीचे घर विकून पुण्याला आपल्याजवळ यावे, हा विषय पत्रलेखिकेने याच उन्हाळ्यात काढला होता आणि वडिलांनी अद्याप हो किंवा नाही म्हटलेले नाही.

त्या विचारतात: अभिनयाचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाला मत असण्याचा अधिकार आहे की नाही? असेल, तर त्या मताबद्दल क्षमा कशासाठी मागायची? की दिवाळीला गेल्यावर सिनेमाचा विषयच काढायचा नाही?

उत्तर

तुमचे भांडण नटांवरून झाले, परंतु वडिलांनी धरलेला अबोला नटांवरून नसावा, असे तुमचे पत्र वाचून वाटते. म्हणून या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करू. आधी नटांकडे वळू, कारण तो विषय तुम्हाला वाटतो तेवढा किरकोळ नाही आणि त्यात तुम्हा दोघांचेही काही बरोबर व काही चूक आहे.

अधिकाराचा प्रश्न चटकन मिटवता येईल. कोणता नट कोणत्या भूमिकेला शोभतो यावर हिरीरीने बोलणारा प्रेक्षक नसता, तर मराठी रंगभूमी एवढी टिकली नसती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा जो प्रयोग झाला, त्यात धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व असे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर उभे राहिले. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता हे खरेच. पण तो शंभर वर्षांनंतरही आठवला जातो, तो त्या काळच्या रसिकांत या दोघांवरून तट पडलेले होते म्हणून. त्या रसिकांपैकी किती जणांनी गाण्याचे किंवा अभिनयाचे शिक्षण घेतले असेल? पैसे मोजून खुर्चीवर बसणाऱ्याला आवडण्या-नावडण्याचा हक्क असतो. तो तुमच्या वडिलांना जेवढा आहे, तेवढाच तुम्हालाही आहे.

मात्र तुम्ही जे वाक्य उच्चारले, ते केवळ आवडीचे नव्हते. ‘नाना मला खरे वाटले’ असे म्हणून तुम्ही थांबला असता, तर त्यावर कोणालाही आक्षेप घेता आला नसता. तुम्ही म्हणालात, ‘लागूंपेक्षा कितीतरी खरे.’ यातला एक नट तुम्ही पाहिला आहे आणि दुसरा पाहिलेला नाही. येथे वडिलांचा आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मान्य करण्यात तुमचा काही कमीपणा नाही. गोवा हिंदू असोसिएशनने १९७० च्या डिसेंबरमध्ये पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘नटसम्राट’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांनी जे उभे केले ते त्या त्या संध्याकाळी त्या त्या नाट्यगृहातच संपले. छायाचित्रे, आठवणी आणि ऐकीव कथा यांवरून त्याची कल्पना करता येते, निवाडा करता येत नाही. तुमचे वडील तेव्हा पुण्यात शिकत होते आणि हे नाटक त्यांनी बालगंधर्व रंगमंदिरात पाहिले, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांच्याजवळ जे आहे ते तुमच्याजवळ येऊ शकत नाही, ही या कलेची रीतच आहे.

आता हाच नियम वडिलांनाही लावू. त्यांनी चित्रपट निम्माच पाहिला आहे. निम्म्या चित्रपटावरून उठलेल्या माणसाला ‘मला पाहवेना’ असे म्हणता येते, ‘पासंगालाही पुरत नाही’ असे म्हणता येत नाही. रुग्णालयात नाना पाटेकर आणि विक्रम गोखले कृष्ण-कर्णाचा प्रवेश करतात, तो भाग त्यांनी पाहिला होता का? गोखले यांनी साकारलेले रामभाऊ मूळ नाटकात नाहीत. चित्रपटाने हे पात्र नव्याने घडवले आणि त्यामुळे नटसम्राट गणपतराव बेलवलकर या नायकाचा तोलच वेगळा झाला. नाटकातले गणपतराव बराचसा वेळ आपल्या स्वगतांशी एकटे असतात. चित्रपटातल्या गणपतरावांना तोडीस तोड बोलणारा एक मित्र आहे. एकाच नावाच्या या दोन भूमिका आहेत, आणि त्या करणाऱ्यांना एकाच काट्यावर तोलणे मुळातच अवघड आहे.

शिवाय रंगमंच आणि कॅमेरा यांत जे अंतर आहे, ते तुम्हा दोघांच्याही वादात कुठे दिसले नाही. रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचे असते. आवाजाची फेक, शब्दावरचा जोर, हाताचा पसारा हे सगळे त्या अंतराच्या हिशेबाने ठरते. कॅमेरा स्वतःच नटाच्या डोळ्यांपर्यंत येतो, आणि म्हणून तेथे घशातल्या घशात अडखळलेला एक शब्दही पुरतो. तुम्ही ज्याला ‘खरे वाटणे’ म्हणता, ते बऱ्याच अंशी या जवळिकीमुळे वाटते. वडील ज्याला उंची म्हणतात, ती बऱ्याच अंशी त्या अंतरामुळे वाटते. यात नटांचे श्रेय कमी होत नाही, पण तुलना मात्र पुष्कळशी विरघळून जाते. वडिलांना वाटत असेल की नाना हे केवळ पडद्याचे नट आहेत, तर त्यांना ‘पुरुष’ नाटकात नानांनीच केलेल्या गुलाबरावांची आठवण करून द्या. त्यांनी ते पाहिले असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

एखादा नट भूमिकेला ‘शोभत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय खटकलेले असते, हे स्वतःला विचारण्याची सवय थोड्यांनाच असते. कधी चेहरा खटकतो, कधी वय, कधी बोलण्याचा लहेजा, आणि फार वेळा त्या नटाने आधी केलेले एखादे काम आपल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. यातले वयाचे प्रकरण तुमच्या वादात मजेदार आहे. १९२७ साली जन्मलेले डॉ. लागू पहिल्या प्रयोगाच्या वेळी अवघे ४३ वर्षांचे होते आणि कान-नाक-घशाचा वैद्यकीय व्यवसाय बाजूला ठेवून पूर्णवेळ रंगभूमीवर येऊन त्यांना फारसा काळ झालेला नव्हता. नाना पाटेकर यांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला, त्या दिवशी त्यांना ६५ वर्षे पूर्ण झाली. १९७० साली समाजमाध्यमे असती, तर ‘चाळिशीतला डॉक्टर म्हणे निवृत्त नटसम्राट होणार’ या बातमीखाली कोणकोणत्या थट्टा वाचायला मिळाल्या असत्या, याची कल्पना करून पाहा. आणि त्या लिहिणाऱ्यांत तुमचे तेव्हाचे विशीतले वडील नसतेच, याची खात्री कोणी द्यावी?

शिवाय ही भूमिका डॉ. लागूंची एकट्याचीही राहिली नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा एकाहून एक ताकदीच्या नटांनी ती रंगभूमीवर केली. ज्यांनी यांपैकी दोघांना किंवा तिघांना पाहिले, ते आजही ‘दत्ता भटांचे गणपतराव अधिक घरगुती’ किंवा ‘लागूंचे अधिक राजस’ अशा बारकाईने बोलतात. असे बोलणे कानाला किती निराळे लागते ते पाहा. त्यात कोणाला हरवायचे नसते. काय पाहिले तेच सांगायचे असते. वडिलांनी लागूंशिवाय आणखी कोणाला या भूमिकेत पाहिले होते का, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे काय? पत्रात तसे दिसत नाही.

चेहऱ्याचा आणि भाषेचा मुद्दा तुमच्या प्रसंगात नसला, तरी असेच वाद घरोघरी घालणाऱ्या इतर वाचकांसाठी त्यावर थोडे लिहितो. जब्बार पटेल यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर चित्रपट केला तेव्हा बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी त्यांनी मामुट्टी या मल्याळी नटाची निवड केली. मराठी माणसाच्या मनात ज्यांची प्रतिमा इतकी पक्की, इतकी पूजनीय आहे, त्यांची भूमिका मराठी मातृभाषा नसलेल्या नटाकडे जावी, हे ऐकताक्षणी कोणालाही खटकू शकते. त्या कामाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारामुळे खटकणे चुकीचे ठरत नाही. परंतु घोषणा ऐकून वाटलेले आणि काम पाहून झालेले मत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून कळावे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक २०१५ साली पडद्यावर आले, तेव्हाही हलक्याफुलक्या भूमिकांमधून घराघरांत पोहोचलेले सचिन पिळगावकर खाँसाहेब होणार म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या, कारण त्या भूमिकेवर १९६७ पासून पं. वसंतराव देशपांडे यांचे नाव कोरलेले होते. चित्रपटात खाँसाहेबांचे गाणे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्या आवाजात आले. म्हणजे रंगभूमीवर ज्या भूमिकेत अभिनय आणि गाणे एकाच माणसाचे होते, तिची पडद्यावर दोन माणसांत वाटणी झाली. ज्यांना ती वाटणी शेवटपर्यंत रुचली नाही, त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण ते कशावर उभे आहे हे त्यांना सांगता येते. ‘सचिन? छे!’ एवढ्यावर जे थांबले, त्यांच्याशी पुढे काय बोलणार? आणि हो, चरित्रपट म्हटला की सुबोध भावे, ही थट्टा आपल्याकडे जुनी झाली. पण बालगंधर्व, लोकमान्य आणि काशिनाथ घाणेकर या तिघांना एकच चेहरा मिळाल्यावर प्रेक्षकाला दर वेळी आधीचा चेहरा पुसावा लागतो, ही त्या थट्टेतली तक्रार मला रास्त वाटते. ती त्या नटाच्या कुवतीविषयीची नसून निवड करणाऱ्यांच्या सवयीविषयीची आहे, एवढे भान ठेवून ती करावी.

आता तुमच्या वडिलांकडे परत येऊ. त्यांचे उठून जाणे तुम्ही हट्ट म्हणून वाचले आहे. ‘तुम्ही मोकळ्या मनाने पाहतच नाही,’ या वाक्यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती अशी की, त्यांना न पाहवणारी गोष्ट म्हणजे नानांचा अभिनय. तसे असेलही. पण या कथेत काय घडते, ते एकदा आठवा. निवृत्त झालेला बाप आपले सगळे मुलांमध्ये वाटून टाकतो, बायकोसह आधी मुलाकडे आणि मग मुलीकडे राहायला जातो, आणि मुलीच्या घरी त्या म्हाताऱ्या जोडप्यावर चोरीचा संशय घेतला जातो. वडिलांनी हे नाटक पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते कोणाचे तरी मुलगे होते. घर, निवृत्तिवेतन, म्हातारपण हे सारे रंगमंचावरच्या माणसाचे होते. प्रेक्षागृहातल्या विद्यार्थ्याला त्यातली भव्यता, भाषा आणि नटाची ताकद दिसली असणार. यंदाच्या गणपतीत तेच कथानक ते ७४ व्या वर्षी, स्वतःच्या घरात, लेक-जावई आणि नातू शेजारी बसलेले असताना पाहत होते. आणि त्याआधी काही महिन्यांपूर्वीच हे घर विकून लेकीकडे राहायला जाण्याविषयी त्यांना विचारले गेले होते.

तुम्ही तो विषय चांगल्या हेतूने काढला, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सांगलीला दोघेच राहणाऱ्या आईवडिलांची काळजी कोणत्याही लेकीला वाटेल. वडिलांना तुमच्याविषयी काही संशय आहे, असेही मला सुचवायचे नाही. पण त्या संध्याकाळी पडद्यावर जे चालले होते ते त्यांच्या घशाशी आले असेल, आणि उठून जाताना काहीतरी बोलायला हवे म्हणून त्यांनी तोंडावर असलेले, वर्षानुवर्षे ठरून गेलेले वाक्य म्हटले असेल, ही शक्यता तुम्ही लक्षात घ्यावी असे मला वाटते. माझा हा अंदाज साफ चुकीचा असू शकतो, आणि म्हणून तो वडिलांना ऐकवू नका. ‘तुम्हाला नाना आवडले नाहीत असे नाही, तुम्हाला घराची भीती वाटली,’ असे कोणाच्या मनातले परस्पर उलगडून सांगणे हा दुसरा अपमान होईल. तुम्ही फक्त स्वतःच्या मनातली ‘हट्टी म्हातारा’ ही नोंद तूर्त खोडून ठेवा, म्हणजे पुढचे बोलणे वेगळ्या सुरात होईल.

समाजमाध्यमावरच्या टिप्पणीविषयी मात्र मला अंदाजाची गरज नाही. तिथे तुम्ही चुकलात. घरातला वाद घरात झाला होता आणि तो बरोबरीचा होता; त्यांनी एक वाक्य टाकले, तुम्ही एक टाकले. नंतर तुम्ही त्यांचे वाक्य नक्कल करून चारचौघांत मांडले, आणि ज्यांच्यासमोर ते वडीलधारे म्हणून वावरतात त्या पुतण्या-भाच्यांनी त्यावर हसून घेतले. भूमिकेविषयीचे मत तेथे संपले आणि माणसाविषयीचा शेरा सुरू झाला. हे घसरणे तुमच्या एकटीचे नाही. आजकाल चाहत्यांच्या बोलण्यात ते सर्रास दिसते. चिन्मय मांडलेकर यांनी अनेक चित्रपटांत छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. त्यांच्या अभिनयावर, देहबोलीवर, संवादफेकीवर कोणी कितीही लिहिले असते तरी ते मत राहिले असते. पण समाजमाध्यमांवर त्यांच्या मुलाच्या नावावरून कुटुंबावर गलिच्छ शेरेबाजी झाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी यापुढे ही भूमिका करणार नसल्याचे जाहीर केले. तुमची टिप्पणी त्या पंक्तीत बसवण्याएवढी वाईट नाही, हे उघड आहे. पण उतार तोच आहे: काम बाजूला राहते आणि करणारा किंवा बोलणारा माणूस निशाण्यावर येतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, मताबद्दल क्षमा मागू नका, टिप्पणीबद्दल मागा, आणि या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळू नका. ‘मी जे लिहिले ते चुकले, पण तुम्हीही…’ अशी सुरुवात झाली की क्षमा तेथेच संपते. टिप्पणी आधी काढून टाका. त्या चुलतभावाला जाब विचारण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने वाचून दाखवले ते तुम्हीच लिहिलेले होते. आणि ही क्षमा फोनवर आईमार्फत पोहोचवू नका, कारण तुमची आई आधीच दोघांमधली टपालवाहक झाली आहे. दिवाळीपर्यंत थांबायचीही आवश्यकता नाही. पुणे-सांगली अंतर काही फार नाही; एखाद्या शनिवारी एकट्या जा, पती आणि मुलाशिवाय. वडिलांना लिहिलेले वाचणे अधिक सोयीचे वाटत असेल, तर दोन ओळींचे पत्र लिहा. जुन्या माणसांना हाताने लिहिलेल्या पत्राचे अप्रूप असते असे म्हणतात, पण मी ते त्यासाठी सुचवत नाही. पत्राला लगेच उत्तर द्यावे लागत नाही, आणि गप्प बसलेल्या माणसाला ती सवड मिळावी म्हणून सुचवतो.

त्या भेटीत सिनेमाचा विषय काढू नका असे मी म्हणणार नाही. उलट काढा, पण वेगळ्या टोकाकडून. तुमच्या वडिलांनी लागू पाहिले आहेत, तुम्ही पाहिलेले नाहीत, हे तुम्ही दोघांनीही आतापर्यंत वादातला हुकमी एक्का म्हणून वापरले. त्याऐवजी ते सांगायला लावा. त्या दिवशी बरोबर कोण होते, तिकीट कसे मिळाले, कोणत्या रांगेत बसला होता, गणपतरावांची बायको कावेरी झालेल्या शांता जोग आठवतात का, मध्यंतरात लोक काय बोलत होते, घरी परतताना कोणी काही बोलले का. एका नटाविषयी ‘थोर’ हा शब्द तुम्ही हजारदा ऐकला असेल. तो थोर नेमका कुठे वाटला हे कदाचित एकदाही ऐकले नसेल. कोणता प्रवेश, कोणते थांबणे, कोणत्या शब्दावरचा आवाज? इतके खोलात विचारल्यावर माणूस सहसा निवाडा सोडून वर्णनाकडे वळतो. आणि तो बोलत असताना ‘पण नानांनी तेच…’ हे शब्द ओठावर आले, तर ते गिळा. तुमची पाळी येईल. तुम्हाला नानांचे काय भिडले हेही मग असेच, एखाद्या प्रवेशाचे नाव घेऊन सांगा, लागूंचे नाव न घेता.

वडिलांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहावा असा आग्रह मी तुमच्या जागी असतो तर धरला नसता. माझा अंदाज बरोबर असेल तर ती जबरदस्ती होईल, आणि चूक असेल तरी न आवडलेला चित्रपट पुन्हा पाहायला लावणे ही कोणाचे मत बदलण्याची फार दुबळी युक्ती आहे. घराचा विषय मात्र स्वतंत्र दिवशी, आई समोर असताना, आणि ‘पुण्याला या’ या प्रस्तावापासून सुरुवात न करता पुन्हा घ्यायला हवा. पुढची दहा वर्षे कशी काढावी असे त्या दोघांना वाटते, सांगलीतले काय सोडवत नाही, आजारपणात कोणाला हाक मारता येईल, घर न विकता वर्षातले काही महिने पुण्याला राहून पाहणे जमेल का, हे प्रश्न आधी. त्या वेळी सिनेमाचा उल्लेखही नको.

ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळीत असेच वाद होतात, त्यांच्यासाठी याच अनुषंगाने एक सूचना. निवडीची घोषणा झाली की शंका जरूर बोलून दाखवावी. ती प्रेक्षकाची गंमत आहे आणि ती हिरावून घेण्यात अर्थ नाही. फक्त शंका शंकेच्याच शब्दांत बोलावी. ‘या नटाची बोली मला त्या भागातली वाटत नाही, बघू या’ असे म्हणणाऱ्याला चित्रपट पाहिल्यावर मत बदलण्याची वाट मोकळी राहते. ‘सत्यानाश केला’ असे पहिल्या भित्तिपत्रकावरच जाहीर करणाऱ्याला नंतर काम आवडले तरी कबूल करणे जड जाते, आणि मग तो निमित्ते शोधत बसतो.

राहिली तुमची दिवाळी. दोघांनाही न दुखवणारे, आणि तरी वादाला भरपूर जागा असलेले काही एकत्र पाहायचे असेल, तर जब्बार पटेल यांचा १९७९ चा ‘सिंहासन’ लावा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, निळू फुले पत्रकार दिगू, आणि सत्तेच्या खेळात मुरलेले विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. श्रीराम लागू, तेही कॅमेऱ्यासमोर. म्हणजे ‘तू लागूंना पाहिलेले नाहीस’ हे वाक्य निदान अर्धे तरी मागे घ्यावे लागेल. त्याच चित्रपटात तरुण नाना पाटेकरही एका छोट्या भूमिकेत आहेत. ते कुठे येतात हे तुम्ही आधी शोधून ठेवा, पण सांगू नका. वडिलांना ओळखू द्या.